सागवानावर ड्युको : एका बेसच्या नोंदी

९ जून २०२४

मामाच्या वाड्याची तुळई शेवटी घरी आली. अख्खी नाही, साडेतीन फुटांचा तुकडा, बाकीची आधीच नातेवाइकांनी देवघर आणि टीव्ही युनिट करायला नेली. बाहेरून काळीठिक्कर, पण एका कोपऱ्यावर पॉलिश पेपर मारला तर आत मधाचा रंग, आणि वास असा की पार्किंगमधून जाणारा प्रत्येक जण थांबून हात लावून जातोय.

यातून चार तारांचा इलेक्ट्रिक बेस गिटार करायचाय. हा माझा तिसरा. पहिला चारचौघांत काढण्यासारखा नाही. दुसरा वाजतो छान पण दिसायला, काय सांगू, मिळेल ते सगळं त्याच्यावर चढवलंय, बर्लचा (गाठीच्या नक्षीदार लाकडाचा) टॉप, सोनेरी हार्डवेअर, पाच लाकडांच्या पट्ट्यांची नेक (म्हणजे दांडी), हेडस्टॉकवर (दांडीचं टोक, जिथे चाव्या असतात) शिंपल्याची नक्षी. नाकापेक्षा मोती जड. केला तेव्हा मीच महिनाभर त्याचे फोटो काढत होतो आणि आता तो हॉलमध्ये स्टँडवर असला की नजर दुसरीकडे जाते.

म्हणून यावेळी नोंदी ठेवतोय आणि त्या मुख्यतः दिसण्याबद्दलच्या असतील. आवाजाबद्दल लोक पानंच्या पानं बोलतात. दिसण्याचा विषय निघाला की मुलगी बघायला गेल्यासारखं, "आमचं दिसण्याचं काही नाही हो" म्हणायचं आणि फोटो मात्र दहा वेळा झूम करून बघायचा.

ठरलेलं एवढं: ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), २० फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेससारखा एकच दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा कंप पकडणारा), दोन नॉब. आणि बॉडीला रंग. पॉलिश नाही, रंग. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.

१६ जून

सांगितलं.

"सागवानाला रंग? अरे, रंग प्लायवुडला लावतात."

सुतारकाकांकडे (त्यांच्या वर्कशॉपमध्ये रविवारी मला एक कोपरा मिळतो, भाडं म्हणून त्यांच्या कोटेशनचं टायपिंग करून देतो) तीच गत. "साहेब, एवढा माल आणि वरून ड्युको मारणार?" (ड्युको म्हणजे स्प्रेने मारायचा रंग.) त्यांचा चेहरा असा की मी पुरणपोळीवर केचप मागितलाय.

माझं म्हणणं असं आहे. लाकडाची रेषा जेवढी देखणी तेवढा आकार मरतो. डोळा रेषेच्या मागे जातो, डोळे-भोवरे-ज्वाळा बघत बसतो आणि बॉडीची कड कुठून कशी वळली हे दिसतच नाही. सत्तरच्या दशकापासून अमेरिकेत बेसची एक अख्खी परंपराच या रेषेवर उभी राहिली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अलेम्बिकने कॅलिफोर्नियात थरावर थर लावलेली भारी लाकडं, आरपार जाणारी नेक, पितळी हार्डवेअर अशी वाद्यं केली, बेसवादक स्टॅनली क्लार्कच्या हातात ती जगाने बघितली, आणि या प्रकाराला तिकडे गमतीने हिप्पी सँडविच म्हणतात. ती वाद्यं मला मनापासून आवडतात कारण तिथे लाकूड जोडायची पद्धत हीच त्यांची नक्षी आहे. पण पुढे त्याची जी पिल्लावळ झाली, साध्या बॉडीवर पाच मिलिमीटरचा बर्लचा पापुद्रा चिकटवून वर काचेसारखा क्लिअरचा पारदर्शक थर, ते मला टीपॉय वाटतात. वर चहाचा कप ठेवावा असं. माझा दुसरा बेस त्यातलाच म्हणून बोलायचा हक्क आहे.

३० जून

पालख्या आल्यात, सगळे रस्ते बंद, वर्कशॉपला जाणं शक्य नाही. दिवसभर जमिनीवर खाकी कागद पसरून फुल साइज ड्रॉइंग.

प्रिसिजनचा आकार किती बदलत गेला हे ड्रॉइंग करतानाच नीट कळतं. १९५१ मध्ये आला तेव्हा बॉडी पोळपाटासारखी सपाट, कडा काटकोनात. १९५४ मध्ये फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर गिटार आली आणि तिच्यासारखाच बेसचाही पोटाकडचा नि हाताखालचा भाग उतरवला. १९५७ मध्ये पिकअपचे दोन तुकडे झाले, हेडस्टॉक मोठं झालं, पिकगार्ड (बॉडीवरचं पातळ झाकण) बदलला, आणि तेव्हापासून आजपर्यंत तेच. लोक म्हणतात की किती साधा आकार. काढून बघा. एकही सरळ रेषा नाही, वरचं शिंग खालच्यापेक्षा लांब, कंबर दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या उंचीवर. सगळा आकार एका बाजूला कललाय आणि तरी तो तोल जाऊन पडत नाही.

वरचं शिंग लांब असण्याला कारण आहे, पट्ट्याचं बटण साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत पोचलं नाही तर हेडस्टॉक जमिनीकडे झुकतं आणि डावा हात सगळा वेळ मानेला आधार देण्यात जातो. म्हणजे ते शिंग शोभेचं नाही. पण मी सहा वेळा खोडून काढलं आणि प्रत्येक वेळी पाच मिलिमीटरने सगळा स्वभाव बदलला, टोकदार केलं की हेवी मेटल, गोल केलं की खेळणं.

२४ फ्रेट न करण्याचं कारणही दिसण्याचंच. वरच्या चार फ्रेटपर्यंत हात पोचावा म्हणून खालची खाच खोल घ्यावी लागते, मग खालचं शिंग हडकुळं दिसतं आणि बॉडी नेकला कशीबशी लटकलीय असं वाटतं. मित्र म्हणाला तुला सोलो वाजवता येत नाही हे खरं कारण आहे. तेही आहे.

१४ जुलै

हेडस्टॉक. महिना यातच जाणार बहुतेक.

बॉडीचा आकार उधार घेतला तरी कोणी काही बोलत नाही पण हेडस्टॉक म्हणजे सही, ते आपलंच पाहिजे. आणि घरी बेस बनवणाऱ्यांपैकी दहातले आठ तिथेच घसरतात, बॉडी सुरेख आणि वर काहीतरी भलतंच, तुटलेला चमचा किंवा माशाची शेपटी. मी कार्डबोर्डची पाच कापली आणि जुन्या नेकवर एकेक टेपने लावून हॉलच्या भिंतीवर आठवडाभर टांगली. बायको एकाला कोंबडीचा पाय म्हणाली. मुलगी दुसऱ्याला बूट म्हणाली आणि एकदा बूट दिसला की मग बूटच दिसतो, ते बाद.

चार चाव्या एका ओळीत, का दोन-दोन, का १९७६ च्या म्युझिकमन स्टिंगरेसारख्या तीन अधिक एक? ती तीन अधिक एक दिसायला फार हुशार आहे, हेडस्टॉक एकदम आटोपशीर होतं, पण ती एकाच बेसची ओळख झालीय आता, दुसऱ्या कुणी केली की उसना घातलेला शर्ट वाटतो. दोन-दोनमध्ये मधल्या तारा नटपाशी (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बाहेर वळतात ते मला खटकतं. स्टाइनबर्गरसारखं हेडस्टॉकच नको, चाव्या ब्रिजपाशी (बॉडीवर जिथे तारा अडकवतात तिथे), हा पर्यायही विचारात घेतला. इंजिनिअरिंग म्हणून सलाम. पण नेक अशी अचानक संपली की मला मुंज झालेला बटू आठवतो, गोंडस दिसतो पण केस परत कधी येणार असंही वाटतं.

शेवटी एका ओळीत चार, अरुंद, तारा सरळ. बॉडी आणि हेडस्टॉक एकाच घरातले वाटत नव्हते बरेच दिवस. मग लक्षात आलं की बॉडीच्या खालच्या शिंगाचा आतला बाक मी आमटीच्या वाटीने काढला होता आणि हेडस्टॉक मात्र फ्रेंच कर्व्हने. तीच वाटी हेडस्टॉकच्या कोपऱ्याला लावली. जमलं. बाजूला ठेवलीय, तिच्यावर मार्करने टेम्प्लेट लिहिलंय, बायकोने वाचलं आणि काही न बोलता दुसरी वाटी घेतली.

४ ऑगस्ट

तुळई चिरली. आधी मॅग्नेट फिरवून खिळे शोधले, सात निघाले, आठवा काकांच्या रंध्याच्या ब्लेडने शोधला. नवीन ब्लेडचे पैसे मी दिले. जुन्या सागात असाही सिलिका असतो, ब्लेडची धार बघता बघता जाते. खिळ्यांभोवती लाकूड शाईसारखं काळं पडलंय, लोखंडाने पडतं तसं. हे डाग बघून मित्राचा फोन, "भाई, हेच दाखव ना, हीच तर स्टोरी आहे." स्टोरी. मला वाद्य हवंय, स्टोरी नकोय.

आता खरी अडचण. सागाची घनता घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो, फेंडरवाले जे अॅल्डरचं लाकूड वापरतात ते साडेचारशेच्या आसपास. ४४ मिलिमीटर जाडीची अख्खी बॉडी केली तर नुसती बॉडी तीन किलोच्या घरात, त्यात नेक, चाव्या, ब्रिज, म्हणजे पाच किलो गळ्यात. माझी पाठ आता चाळिशीची आहे. तर बॉडी ३८ मिलिमीटरची केली, पुढून राउटरने आत मोठे कप्पे खोदले, मध्ये पिकअप-ब्रिजखाली भरीव खांब ठेवला, आणि वरून सहा मिलिमीटर शिवणीची फळी लावून झाकण. शिवण हलकी आणि वळत-फिरत नाही. चिकटवायच्या आधी सागाला थिनरने नीट पुसून घ्यावं लागतं, नाहीतर त्याच्या अंगच्या तेलामुळे ग्लू धरत नाही.

काका क्लॅम्प आवळता आवळता म्हणाले, "लोकं आत प्लाय टाकतात आणि वर सागाचा व्हेनियर लावतात. तुम्ही आत साग टाकला, वर शिवण, आणि त्यावर पण रंग." मग बराच वेळ स्वतःशीच हसत होते.

१८ ऑगस्ट

सांगलीला काम होतं ते उरकून मिरजेला गेलो. सतारमेकरांच्या गल्लीत दोन तास. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला यंदाच जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, दुकानादुकानात त्याची चर्चा. मी गेलो होतो लाखेचं पॉलिश कसं मारतात ते बघायला आणि बसलो तानपुरे बघत.

तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, दांडी तुणीची, आणि जिथे दांडी भोपळ्याला मिळते तिथे लाकडात कोरलेली पानं बसवतात. मी आजपर्यंत ती पानं नुसती नक्षी समजत होतो. जवळून बघितलं तर ती जोड झाकतात. दोन वेगळ्या गोष्टी जिथे भेटतात ती अवघड जागा, तिथेच बरोबर पान.

परतीच्या ट्रेनमध्ये हेच डोक्यात. अकूस्टिक गिटारच्या कडेची पांढरी पट्टी पण तशीच की, टॉपच्या लाकडाची उघडी कड झाकायची आणि आपटण्यापासून वाचवायची, शोभा नंतर आली. फेंडरचा पिकगार्ड तर उघड उघड झाकणच, खाली राउटरने भसाभस खोदलेलं आणि वायरिंग, वर एक प्लास्टिकचा तुकडा, फॅक्टरीत पटापट काम व्हावं म्हणून. आणि आज आपण त्याच झाकणाचा आकार डोळे मिटून ओळखतो. म्हणजे दोन घराणी झाली, एक जोड झाकणारं, एक जोड मिरवणारं. अलेम्बिक मिरवणारं. मी झाकणाऱ्या घराण्यातला आहे हे मिरज-पुणे प्रवासात कळलं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले, आज घरात एकवीस माणसं जेवायला, काम शून्य. मागच्या दोन आठवड्यांचं लिहून ठेवतो.

नेक त्याच तुळईतून काढली, दोन उभे तुकडे आणि मध्ये शिसवीची तीन मिलिमीटरची पट्टी. (हो, ही पट्टी म्हणजे जोड मिरवणंच झालं. मागच्या नोंदीत जे घराण्याचं लिहिलं ते आज मोडलं. तुकडे पुरेसे रुंद नव्हते म्हणून घालावी लागली आणि आता मला ती फार आवडतीये.) नेकला रंग लावणार नाही, नुसतं हातपॉलिश. बाबांना हे सांगितल्यावर ते थोडे निवळले.

फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) शिसवीचा, भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये एका वखारीत कोपऱ्यात पडलेली फळी. मालक विचारत होता दाराची फ्रेम का, म्हटलं गिटार, तर म्हणाला याची गिटार होत नाही. काय सांगणार. ब्राझिलियन रोझवूड मिळेनासं झाल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्याच शिसवीवर गिटारी करायला घेतल्या आणि इलेक्ट्रिकवाल्यांचेही लाखो फिंगरबोर्ड याच लाकडाचे. २०१७ मध्ये सगळ्या शिसवी जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली तेव्हा गिटार कंपन्यांची पळापळ झाली, २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. इथे वखारीत ती धूळ खात पडलेली, वर कुणीतरी चहाचे कप ठेवून गोल डाग पाडलेले.

पुढच्या बाजूला ठिपके नाहीत. ब्लॉक इनले (शिंपल्यासारखे चौकोनी तुकडे) तर नाहीच, फेंडरच्याच जॅझ बेसला १९६६ च्या सुमारास ते आले आणि त्याला शोभतातही, पण त्याला शोभतात. मला मोकळी पाटी हवी. कडेला बारीक ठिपके आहेत, वाजवणाऱ्याला तेच दिसतात. मित्र म्हणतो फ्रेटलेस (बिनफ्रेटचा) वाटेल. फ्रेट चमकतायत की समोर वीस!

१२ ऑक्टोबर, दसरा

राउटरला झेंडूची माळ, करवत आणि पटाश्यांना हळदकुंकू. बॉडीला चपडा लाखेचे तीन हात मारून झालेत, सागाचं तेल वरच्या रंगात येऊ नये म्हणून मध्ये लाख. शिवणीच्या टॉपचे बारीक खड्डे लांबीने (पुट्टीने) भरले. आता रंग ठरवायचा.

इथे जरा मागचं सांगायला पाहिजे. फेंडरचे जे रंग आज आपण गिटारचे रंग समजतो ते गाड्यांचे आहेत. फिएस्टा रेड म्हणजे १९५६ ची थंडरबर्ड, सर्फ ग्रीन १९५७ ची शेव्हरोले, सॉनिक ब्लू १९५६ ची कॅडिलॅक. ड्यूपॉन्ट कंपनीचे गाड्यांच्या रंगाचे डबे आणायचे आणि मारायचे, १९६० च्या रंगांच्या तक्त्यातून निवडलात तर किमतीवर पाच टक्के जास्त. त्यातले काही रंग ड्यूपॉन्टच्या ड्युको मालिकेतले. तेच ड्युको! १९२० च्या दशकात गाड्यांसाठी निघालेल्या लॅकरचं नाव, आणि आज पुण्यातला कुठलाही सुतार "ड्युको का पीयू (पॉलियुरेथेन)?" विचारतो तेव्हा ते नाव कुठून आलं हे ना त्याला माहीत ना गिऱ्हाइकाला.

तो जुना रंगांचा तक्ता बायकोला दाखवला. तिने दोन मिनिटांत सगळ्यांचं बारसं केलं. सर्फ ग्रीन म्हणजे पिस्ता. सॉनिक ब्लू आकाशी. शेल पिंक ही अबोली आहे, त्याला गुलाबी कोण म्हणतं? आणि फिएस्टा रेड लाल नाहीच, गाजरी आहे. नंतर मला ते रंग इंग्लिशमध्ये आठवेचनात.

पण मी कॅडिलॅक कधी बघितली नाही. माझ्या आयुष्यातली गाडी बाबांची चेतक. पुढे उभं राहून, वारा तोंडावर घेत शाळेत गेलो ती. अजून पार्किंगमध्ये आहे, महिन्यातून एकदा ते किक मारून चालू करतात. निळसर-हिरवा, आत भरपूर पांढरा मिसळलेला. पन्नास-साठच्या दशकात अमेरिकन पोरांनी बापाच्या गाडीच्या रंगाची गिटार घेतली असेल तर माझ्या बापाचीही गाडी आहे.

बाबा म्हणाले, "स्कूटरचा रंग? वाद्याला?" पण यावेळी आवाज वेगळा होता.

२७ ऑक्टोबर

नाना पेठ. डिकीचं झाकण स्कूटरवरून काढून पिशवीत घालून रंग मॅच करणाऱ्या दुकानात गेलो. "गाडी कुठली?" "बेस गिटार." त्याने वर न बघता विचारलं, "मेटल का फायबर?" व्यावसायिक माणूस.

आणि मग त्याने असा प्रश्न विचारला की मी गप्प. झाकण उलटं केलं, म्हणाला आतला मॅच करू का बाहेरचा? आतून रंग कोवळा, जवळजवळ निळा, ऊन न लागलेला. बाहेरून तीस वर्षं उन्हात उभं राहून पिवळटलेला, हिरव्याकडे झुकलेला, जरा दुधाळ. दोन वेगळे रंग म्हणावेत इतका फरक.

बाबांच्या डोक्यातला रंग आतला आहे, शोरूममधून आणलेला. माझ्या डोक्यातला बाहेरचा, मला कळायला लागलं तेव्हा ती आधीच उडायला लागली होती.

यात माझी पंचाईत अशी की मला रेलिक (मुद्दाम जुनं केलेलं) प्रकार अजिबात आवडत नाही. १९९५ पासून फेंडरचं कस्टम शॉप नव्या गिटारी मुद्दाम घासून, रंग उडवून, गंज चढवून विकतं आणि लोक जास्त पैसे देऊन घेतात. ज्याने वाजवली नाही त्याच्या कोपराने झिजलेली गिटार! फाटलेली जीन्स विकत घेण्यासारखं, असं मीच दहा जणांना ऐकवलंय. आणि इथे उभा राहून मी नव्या बॉडीसाठी उडालेला रंग मागतोय. बरं, मी झीज मागत नाहीये, ओरखडे मागत नाहीये, फक्त शेड. असं स्वतःला समजावत होतो तेवढ्यात मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली आणि दुकानदार म्हणाला, "साहेब, आत का बाहेर?"

बाहेरचा. एक लिटर. कमी मिळत नाही म्हणे.

१७ नोव्हेंबर

मुद्दाम दिवाळी होईपर्यंत थांबलो होतो. दमट हवेत ड्युको मारलं की त्यात पाणी अडकतं आणि वर पांढुरकी धूसर साय येते, पावसाळ्यात तर विचारूच नका. आता हवा कोरडी, पण सकाळी दव, म्हणून अकरा ते चार एवढीच खिडकी.

घरी स्प्रे करायची सोय नाही म्हणून एका पेंटरकडे दिली. रंग सुरेख बसला. आणि मग त्याने मला न विचारता, चांगुलपणाने, वर जाड पीयू क्लिअर मारून ठेवलं. "फिनिशिंग बघा साहेब, आरसा." खरंच आरसा. फ्रिज दिसत होता फ्रिज. त्या दुधाळ रंगाचा सगळा मऊपणा गेला, वर काचेची पेटी बसवल्यासारखी. त्याचा दोष नाही, गिऱ्हाईक हेच मागतं, मीच सांगायला पाहिजे होतं. तीन संध्याकाळी ओला पॉलिश पेपर घासून क्लिअर उतरवलं, दोन ठिकाणी कडेला लाखेपर्यंत गेलो, परत रंगाचे दोन हात, आणि वर काही नाही. आठवडाभर वाळवून २००० नंबरचा पेपर आणि थोडं कंपाउंड हाताने. आता चमक आहे पण आतून येते. जुन्या स्टीलच्या डब्यासारखी.

हेडस्टॉकलाही तोच रंग लावायचा का? साठच्या दशकात रंगीत जॅझ बेसचं हेडस्टॉक बरेचदा त्याच रंगाचं असायचं आणि मला ते फार आवडतं. कागद रंगवून हेडस्टॉकवर ठेवून बघितला. मध्ये सागाची नेक आणि दोन्ही टोकांना पिस्ता, अगदी बर्फी. तसंच सागाचं ठेवलं.

८ डिसेंबर

पिकगार्ड. पांढरा प्लास्टिकचा लावला तर सगळं आंघोळीच्या साबणासारखं फिकट. कासवपाठी तपकिरी या हिरव्यावर आजारी वाटतो. काळा फारच ऑफिस. बायकोने न विचारता सांगितलं, "या रंगाला जरीचा काठ लागतो. पिवळाधमक नाही, जुनी जर."

आणि असा काठ आधी होऊन गेलाय. १९५७ च्या प्रिसिजनला सोनेरी अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा पिकगार्ड होता, दोन-तीन वर्षं टिकला. शिवाय धातू म्हणून खालच्या वायरिंगला आपोआप शिल्डिंग. तपकीर गल्लीतून आणलेली कॉपर टेप निम्मी उरली.

१.६ मिलिमीटर शीट जिगसॉने कापली, कानशीने कडा मारल्या, भोसरीत एका अॅनोडायझिंगवाल्याकडे गेलो. एका तुकड्यासाठी टाकी कोण लावणार, त्याने कुठल्यातरी लाइट फिटिंगच्या लॉटमध्ये ढकलून दिला. आला तो झगझगीत पिवळा, लग्नातलं बाशिंग. परत गेलो. यावेळी आधी ४०० च्या पेपरने एकाच दिशेने घासून नेला, कॉस्टिकमध्ये जरा जास्त वेळ ठेवायला सांगितला म्हणजे चमक मरते, आणि रंगाच्या टाकीतून लवकर काढायला. जेवढा वेळ बुडवाल तेवढा गडद, एवढंच गणित. दुसऱ्या वेळचा पैठणीच्या पदराकडे गेला. म्हणजे आजीच्या पैठणीच्या, नव्या नाही.

स्क्रू किती दिसावेत यावर एक अख्खी संध्याकाळ. कमी ठेवले तर पत्रा कडेला उचलतो, जास्त ठेवले तर जखमेचे टाके. नऊ.

२९ डिसेंबर

जोडणी. नॉब टेलिकास्टरचे असतात तसे क्रोमचे, गोल डोक्याचे, कडेला खरबरीत. चाव्या हलक्या घेतल्या. ब्रिज साधा वाकवलेला पत्रा, लोक त्याला स्वस्त म्हणतात पण ते भरीव पितळी ब्रिज एवढ्या छोट्या बॉडीवर इस्त्री ठेवल्यासारखे दिसतात. हार्डवेअर सगळं क्रोम. सोनेरी पिकगार्डला सोनेरी चाव्या लावायचा मोह झाला होता, दुसऱ्या बेसकडे बघितलं, माझ्या घामाने वर्षभरात तिथलं सोनं उतरून खालचा निकेल दिसतोय. मोह गेला.

पिकअप आणि ब्रिजवर क्रोमची झाकणं घालायची का? मूळ प्रिसिजनवर ती असायची, बहुतेक वाजवणारे पहिल्याच दिवशी काढून टाकायचे. ठेवून बघितली. रुबाब प्रचंड, हात ठेवायला जागा नाही. झाकणाऱ्या घराण्यालाही मर्यादा असते. ड्रॉवरमध्ये.

वजन ४ किलो १०० ग्रॅम. पट्ट्यावर सोडून दिला तर नेक जागची हलत नाही.

१२ जानेवारी २०२५

काल पहिली प्रॅक्टिस. फ्लॅटवाउंड (वरून सपाट, गुळगुळीत) तारा, आवाज जाडसर, पोटातून येणारा, त्याबद्दल वेगळं लिहीन किंवा नाही लिहिणार. ड्रमर म्हणाला जुना आहे का? गिटारवाला मित्र (त्याची स्वतःची जांभळ्या ज्वाळांची, काळ्या हार्डवेअरची, टोकदार) बराच वेळ फिरवून बघत होता, मग म्हणाला, "सागवान आहे हे कुणाला कळणार?" कुणालाच नाही. पिकगार्ड काढला तर खिळ्याचा काळा डाग आहे आत, तिथे लाख पण मारली नाही.

राहिलेलं काम: ई तारेचा नट अजून अर्धा मिलिमीटर खाली, जॅकचा नट सैल, ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) उन्हाळा लागला की परत बघायचा. पट्टा कुठला यावर घरात दोन मतं आहेत, आमसुली का साधा तपकिरी चामड्याचा.

बाबांनी आज सकाळी बेस खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवून बॉडीची कड बघितली, मागची बाजू बघितली. मी वाट बघतोय सागवानाबद्दल काय म्हणतात.

"रंग उरलाय का रे?"

अर्ध्या लिटरच्या वर आहे म्हटलं.

"टाकू नकोस. डिकीवर ओरखडा आहे, केव्हापासून शेड मिळत नव्हती."

दुपारी खाली गेलो तर ब्रश घेऊन बसलेत.